हरिणीचा नवा डिस्ट्रिब्यूटर आणि धारूरचा घाट

नगरला आमच्या मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात, अगदी वरच्या फळीवर, एक खोकं दोन वर्षं धूळ खात पडलं होतं. आत काळ्या टोपीचं, डोक्याला पाच शिंगं असलेलं एक यंत्र होतं. शेठजींनी ते मोठ्या हौसेने मुंबईहून मागवलं. पण गिऱ्हाईक विंचवाकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाही आणि दोन प्लग घेऊन निघून जाई. त्या खोक्याचा उद्धार माझ्या हातून व्हायचा होता, आणि तोही निजामाच्या मुलखात, बालाघाटाच्या डोंगरात. परवाच मी तिथून परत आलो. उजवा अंगठा अजून सुजलेला आहे, त्यामुळे अक्षर वाकडं येतं. तोंडाला मात्र काही झालेलं नाही, म्हणून दुकानात आलेल्या प्रत्येकाला ही हकीकत सांगून झाली. जे दुकानात येत नाहीत त्यांच्यासाठी लिहितो.

पुढे मी बऱ्याच फुशारक्या मारणार आहे, तेव्हा मी कोण ते आधी सांगितलेलं बरं. बोलपट येण्याआधी मी मूकपटांच्या एका फिरत्या तंबूत ‘मास्तर’ होतो. पडद्यावरची माणसं नुसते ओठ हलवत, त्यांना आवाज मी द्यायचो. पडद्याशेजारी अंधारात उभं राहायचं. राजा मीच, राणी मीच, राक्षस मी आणि राक्षसाचा घोडाही मीच. तंबू आणि रिळं वाहायला आमच्याकडे एक उघडी अमेरिकन मोटार होती. तिचं नाव आम्ही हरिणी ठेवलं होतं, आणि तिचा ड्रायव्हर होता गेनबा. नगरपासून परभणीपर्यंतची बाजाराची गावं आम्ही तिच्यातून हिंडलो. मग एके दिवशी पडदा स्वतःच बोलायला लागला. तंबू गुंडाळला. मी नगरला सुटे भाग विकायला बसलो आणि हरिणी धारूरच्या एका देशमुखांनी विकत घेतली, बाजाराची माणसं वाहायला. नवऱ्या मुलीबरोबर पाठराखीण जाते तसा गेनबाही तिच्याबरोबर गेला.

दिवाळीनंतर त्याचं पत्र आलं. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं, पण बोल सगळे त्याचेच.

‘मास्तर, हरिणी घाट चढंना. चारातले दोन सिलिंडर काम करत्यात, दोन झोपत्यात. मालक म्हनत्यात, इंजन काढू आन पिठाच्या चक्कीला लावू. म्होरल्या बाजारादिवशी तेलगावाकडनं मानसं भरून घाट चढली आन ढकलायला एक बी मानूस उतरवावं लागलं न्हाई, तर रस्त्यावर ऱ्हाईल. न्हाई तर हिचं काळीज काढत्यात. तुमी कायतरी करा.’

रोग मला पत्रावरूनच कळला. त्या जुन्या मोटारींना ठिणगी पुरवायला चार लाकडी डब्या असत, आणि कुठल्या डबीने कधी पेटायचं हे सांगणारी एक चकती इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी. चकतीत तेल आणि घाटातली धूळ गेली की चौघांतले दोघे उपाशी राहत. आमच्या खोक्यातल्या यंत्राने हा सगळा संसारच मोडीत काढला होता. ते मूळ कंपनीचं नव्हे. दुसऱ्याच कुणा कारखानदाराने खास या जुन्या मोटारींसाठी बनवलेलं. चार डब्यांऐवजी एकच, आणि टोपीच्या आत एक हात गरगर फिरणार आणि चौघांना पाळीपाळीने ठिणगी देणार. शेठजींना मी म्हणालो, ‘बसवून पाहतो. चाललं तर तिकडे नाव होईल.’ मी असा डिस्ट्रिब्यूटर आधी कधीही बसवला नव्हता, ही गोष्ट मी शेठजींना सांगितली नाही.

सरहद्दीचा नाका

जामखेड सोडलं की इंग्रजांचा मुलूख संपतो. नाक्यावर करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, मुन्शींनी माझी वळकटी सोडली, चिवडा हुंगला, आणि खोकं उघडून दोन पावलं मागे सरकले.

‘ये क्या बला है, मियाँ? बम तो नहीं?’

‘नहीं हुजूर, मोटार का पुर्जा है.’

‘कौनसा पुर्जा? करता क्या है ये?’

खरं उत्तर दिलं असतं तर मी अजून तिथेच असतो. मी छाती काढली, तंबूतला ठेवणीतला आवाज काढला आणि म्हणालो, ‘हुजूर, मोटारीत चार घोडे असतात. ते आळशी. हा त्यांना बारी बारी से चाबूक मारतो. सट्! सट्! सट्! सट्!’ चौथ्या सट्‌ला नाक्यावरचं कुत्रं उठून गेलं.

मुन्शी प्रसन्न झाले. त्यांनी बोटाने यादी तपासली. डिस्ट्रिब्यूटर त्यात कुठेच नव्हता. त्यांनी बोरू बुडवला आणि उजवीकडून डावीकडे झोकदार उर्दूत लिहिलं. लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, ‘चाबुक, विलायती, एक अदद.’ मग मला स्वतःच्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून दिला. आमच्या नगरला जकातीचा कारकून पाणीदेखील विचारत नाही.

लिंबागणेश आणि पुढे

लिंबागणेशला सर्व्हिस मोटार न सांगता थांबली. ड्रायव्हर उतरला, उतारू उतरले, गणपतीला हात जोडून आले, आणि कुणी कुणाची वाट पाहिली असं न वाटता सगळे पुन्हा आपापल्या जागी. मी खोकंही दर्शनाला नेलं. शेजारच्या शेतकऱ्याने विचारलं, ‘अस्थी हायत का?’ मी म्हणालो, ‘नाही, जन्माला यायचाय.’ तो पुढचा सगळा प्रवास माझ्यापासून वीतभर लांब बसला.

मांजरसुंब्याला मी उतरलो. तिथून कपिलधार जवळ. पूर्वी तंबू घेऊन जाताना आम्ही हमखास वाकडी वाट करून त्या धबधब्याखाली अंघोळ करत असू. गेनबा आधी हरिणीला धुवायचा आणि मग स्वतःला. या खेपेला वेळ नव्हता. नेकनूर, केज करत, शेवटचा टप्पा बैलगाडीने गाठला. दोन्ही बाजूंना काळ्या रानात ज्वारी हातभर वाढलेली, आणि डोंगर सुरू झाल्यावर खडकाखडकातून सीताफळीची झुडपं. डोळे उघडलेली पिकली फळं गाडीवान चालत्या गाडीतून हात लांबवून तोडत होता आणि मागे न बघता माझ्या मांडीवर टाकत होता. मी गप्पा मारत होतो. एकाएकी त्याने कासरा ओढला.

‘पाव्हनं, ह्यो आवाज म्या आयकलाय.’

‘कुठे?’

‘धारूरात तंबू आलता. राक्षेस हसायचा, तवा माझी धाकटी भन मुतलीती भ्येवून. त्यो राक्षेस तुमीच न्हवं?’

मी कबूल केलं. अंधारात उभं राहून मी इतकी वर्षं घालवली की माझं तोंड या मुलखात कुणालाच ठाऊक नाही. आवाज मात्र असा सीताफळांच्या वाटेवर ओळखला जातो. गाडीवान म्हणाला, ‘हसा की एकदा.’ मी हसलो. बैल उधळले. धारूरचा किल्ला आम्ही त्या दिवशी फार लवकर पाहिला.

धारूर

हरिणी देशमुखांच्या गोठ्याशेजारी, पत्र्याखाली उभी होती. रंग उडालेला, टपाच्या कापडाला ठिगळं. पण पितळी दिवे असे घासलेले की त्यांत मला माझं टक्कल दिसलं. गेनबा तिच्या चाकाशी बसला होता. मला पाहून उठला. हॉर्नचा रबरी गोळा त्याने दोनदा दाबला. तंबूच्या दिवसांत खेळ सुरू होण्याची ती आमची खूण होती.

बापूसाहेब देशमुख पान लावत ओट्यावर बसले होते. खलनायक भेटेल अशा तयारीने मी गेलो होतो. निघाला भला माणूस.

‘मास्तर, मला मोटारीचा राग न्हाई,’ ते म्हणाले. ‘पर ह्या गावात एक बी चक्की न्हाई. बाया पहाटंपासून दळत्यात. त्यांचे हात बघा एकदा. आन ही बया म्हैन्यात चारदा घाटात बसती. मानसं तिला ढकलत वर आनत्यात, आन वर मलाच शिव्या देत्यात. तुमी नगरचे शानेसुर्ते. सांगा, म्या काय करावं?’

‘चढली तर?’

‘चढली तर माझा शब्द हाय. ढकलायला कुनी उतरायचं न्हाई, येवढंच. परवा इथला बाजार हाय.’

जेवण गेनबाच्या घरी झालं. त्याची बायको चंद्राबाई तव्यावरून धपाटी थेट ताटात टाकत होती, सोबत दही आणि खलबत्त्यात कुटलेला शेंगदाण्याचा ठेचा. आमच्याकडे पाहुण्याला ‘आणखी वाढू?’ असं विचारतात. इथे विचारत नाहीत, वाढतात, आणि नको म्हटलं तर घरात काही बिनसलंय का असं बघतात. मी सातवं धपाटं संपवून वहिनींना म्हणालो, ‘काळजी करू नका. तुमच्या मालकांची हरिणी मी परवा पळवून दाखवतो.’

त्या तवा उतरवत म्हणाल्या, ‘मला कावून सांगता भावजी? मला तर चक्कीच पायजे.’

गेनबाने ताटावरून डोकं वर केलं.

‘बघता काय? खरं हाय ते. दोन शेर जोंधळं दळताना खांदा निखळतोय माझा. तुमची ती हरिनी एक दिस तरी दळाया येती का?’

गेनबा हात धुवायला उठला.

डिस्ट्रिब्यूटर बसतो, पण

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कामाला लागलो. जुनी चकती काढली. तिच्यात काळं लोणी जमलं होतं. चार लाकडी डब्या गेनबाने एक एक करून फडक्यात बांधल्या, जुने दागिने बांधावेत तशा. नवं यंत्र त्या जागी बेतशीर बसलं. बॅटरीची तार आली, एकुलती नवी डबी आली. वहिनींनी टोपीला हळदकुंकू लावलं. आता फक्त टोपीच्या शिंगांपासून चार प्लगांपर्यंत चार तारा जोडायच्या होत्या. पाचवं शिंग मधलं, ते डबीचं.

वहिनींनी विचारलं, ‘ह्ये करतं काय पर?’

‘पंगत समजा,’ मी म्हणालो. ‘चार जेवणारे. टोपीच्या आत एक वाढपी गोल फिरतो. आधी पहिल्याला वाढतो, मग दुसऱ्याला, मग चौथ्याला, शेवटी तिसऱ्याला.’

‘तिसऱ्याला शेवटी कावून? त्यानं काय घोडं मारलं?’

‘इंजिनाची तशी चाल आहे, वहिनी.’

बरोबर आलेला इंग्रजी कागद मी हातात घेऊन रंगमंचावर उभा राहावा तसा उभा राहिलो आणि गर्जलो, ‘एक!’ गेनबाने पहिल्या प्लगाची तार जोडली. ‘दोन!’ उजवीकडच्या पुढच्या शिंगाला दुसरी. ‘चार!’ त्याच्या पुढच्याला चौथी. ‘तीन!’ राहिलेल्याला तिसरी. गोठ्यातली गुरंसुद्धा ऐकत होती.

मग मी स्वतः हँडल मारायला गेलो. शहाणा माणूस हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवतो, दांड्याभोवती गुंडाळत नाही. हे मी आजवर कमीत कमी शंभर गिऱ्हाइकांना सांगितलं आहे.

धडाम्!

हँडल उलटं उसळलं आणि माझा अंगठा घेऊन गेलं. दुसऱ्यांदा गेनबाने मारलं. हरिणी सुरू झाली, पण कशी? दोन ठोके बरोबर, मग कार्ब्युरेटरमधून एक शिंक, मग मागच्या नळीतून तोफ. थरथरत, धूर सोडत ती तिथल्या तिथे नाचली आणि बंद पडली. देशमुखांची म्हैस दावं तोडून वेशीबाहेर गेली.

त्या दिवशी आम्ही काय केलं नाही? प्लग काढून घासले. ठिणगीच्या फटीत पोस्टकार्डाचा तुकडा सरकवून माप घेतलं. पेट्रोल गाळलं. तारा बदलल्या, पण बदलताना पुन्हा त्याच शिंगांना जोडल्या. पेट्रोल निम्मं संपलं. दुपारी ओट्यावरून देशमुख म्हणाले, ‘गेनबा, चक्कीचा पट्टा कुठं मिळतो बे? चौकशी करून ठिव.’ ते चिडवत नव्हते. खरंच विचारत होते, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

तंबूच्या दिवसांत दिव्याचा गॅस मध्येच संपला की लोक आरडाओरडा करत, आणि मी अंधारात पुढची गोष्ट मनाने रचून सांगत बसायचो. प्रेक्षकांना वाटायचं, चित्र चालूच आहे. इथे मनाने रचून काही भागत नव्हतं. इंजिनाला गोष्ट सांगता येत नाही.

महादेवाच्या देवळात

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे बाजाराच्याच दिवशी, मी ओसरीवर अंगठा धरून बसलो होतो. वहिनी तांब्या आणि बेलाची पानं घेऊन निघाल्या.

‘चला भावजी देवळात. तुमचं हे तोंड बघून शेळी बी पान्हवंना.’

देऊळ गावाबाहेर, दगडी, लहानसं. त्यांनी पिंडीवर पाणी घातलं, बाहेर आल्या आणि प्रदक्षिणेला लागल्या. मी मागे मागे. देऊळ उजव्या हाताला ठेवून आम्ही मागच्या अंगाला गेलो. पिंडीवरचं पाणी जिथून बाहेर वाहतं त्या दगडी पन्हळीपाशी त्या थांबल्या आणि आल्या वाटेने परत फिरल्या. महादेवाची पन्हळ ओलांडायची नसते, हे मलाही ठाऊक होतं. पण अंगठ्याच्या नादात मी सरळ चाललो होतो. त्यांनी माझ्या उपरण्याला धरून मागे ओढलं.

‘हिकडं न्हाई! माघारी फिरा.’ आणि तशाच उलट चालता चालता म्हणाल्या, ‘भावजी, एक इचारू? तुमचा त्यो वाढपी पंगतीत कुन्या अंगानं वाढत येतो?’

‘म्हणजे?’

‘म्हंजे ह्या अंगानं येतो का त्या अंगानं? तुमी म्हनला गोल फिरतो. गोल तर दोनी कडनं फिरता येतं की.’

मी उभा राहिलो. आदला अख्खा दिवस दोन बाप्ये त्या यंत्राशी झोंबत होते. एकाने मोटारीत जन्म घालवलेला, एक सुट्या भागांच्या दुकानातला. दोघांपैकी एकानेही टोपी उघडून आतला हात कुठल्या बाजूने फिरतो ते पाहिलं नव्हतं. का पाहिलं नव्हतं? कारण गोल फिरायचं म्हणजे प्रदक्षिणेच्या वाटेने फिरायचं. दुसरी बाजू असते हे आमच्या हातांना ठाऊकच नव्हतं. गेनबाने तारा उजवीकडून लावल्या, मी कागद वाचत शेजारी उभा होतो, आणि मला त्यात काही खटकलं नाही. आरतीचं ताट ज्या बाजूने ओवाळतो त्या बाजूने आम्ही इंजिन जोडलं होतं.

मी देवळातून अनवाणी पळालो. चपला मागाहून वहिनींनी आणल्या.

टोपी काढली. गेनबाने हँडल हळूहळू फिरवलं. आतला हात निघाला तो डावीकडे. कागदावर बाणही होता. माझ्या चिवड्याच्या तेलाने तो डाग होऊन बसला होता, आणि तो मी शाईचा डाग समजलो होतो. म्हणजे पहिल्याला आणि चौथ्याला त्यांचं वाढलं जात होतं, पण दुसऱ्याचं पान तिसऱ्यापुढे आणि तिसऱ्याचं दुसऱ्यापुढे. फक्त त्या दोन तारांची अदलाबदल करायची होती. बाकी काही नाही.

‘गेनबा, बदल.’

तो मागे सरकला. ‘मास्तर, उलटं फिरनारं हाय ह्ये? डावं? डावं तर मसनात फिरत्यात, सरनाभवती. म्या हिच्यात मानसं बशिवतो.’

तो चेष्टा करत नव्हता. त्याने तारेवरचा हातच काढून घेतला. इतकी वर्षं इतक्या देवांचे संवाद म्हटले, पण या घटकेला एकही आठवेना.

चपला घेऊन आलेल्या वहिनी गोठ्याच्या दारातून म्हणाल्या, ‘अवो, सोमवार सोमवार महादेवाला कशी फिरते म्या? निम्मी उजवी आन निम्मी डावी. त्या देवाला चालतं, तुमच्या हरिनीला कावून चालंना?’

गेनबाने तिच्याकडे पाहिलं. आपण काय करतोय हे तिला पुरतं ठाऊक होतं. चक्की तिच्या हाताशी आलेली होती.

त्याने दोन तारा बदलल्या. हँडल एकदा, फक्त एकदा मारलं. हरिणी अशी सुरू झाली की मला तंबूचे दिवस आठवले: कनातीमागे तिचा तो एकसुरी गुरगुराट, समोर गॅसबत्तीत बाजाराची माणसं. गेनबा बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटून उभा होता. मी मात्र तोंड वळवून परत आणून बांधलेली म्हैस बघत होतो, कारण माझ्या डोळ्यांत धूर गेला होता.

घाट

तेलगावच्या बाजूला उतरताना काहीच अडचण आली नाही. परत निघालो तेव्हा हरिणीत माणसं, मेथीच्या जुड्या, दोन करडं, मडकी, आणि मागच्या फळीवर जिजाबा नावाचा एक म्हातारा सीताफळांच्या दोन पाट्या मांडीत घेऊन. घाटाच्या माथ्यावर देशमुख बसले असतील हे सगळ्यांना ठाऊक होतं. उतारूंनी आपसांत ठरवूनच टाकलं होतं: काही झालं तरी उतरायचं नाही.

‘म्या तर पाय पोटाशी घेतल्यात,’ एक बाई म्हणाली. ‘गेनबा, लागलं तर शिंग धरून वड हिला, आमी हालायचं न्हाई.’

पहिली वळणं तिने झपझप घेतली. चारही सिलिंडर एका तालात. मग शेवटची उभी चढण आली आणि इंजिन घुसमटलं.

मला वाटलं, पुन्हा तारांचंच काहीतरी. पण हा डिस्ट्रिब्यूटरचा दोष नव्हता. या मोटारींची पेट्रोलची टाकी पुढच्या बैठकीखाली असते आणि पेट्रोल आपल्या वजनाने पुढे वाहत इंजिनात जातं. काल दिवसभर नुसत्या धडामधुडूमीत आम्ही ते उडवलं होतं. आता मोटारीचं तोंड वर झालं, तळाशी उरलेलं पेट्रोल मागे गेलं, आणि इंजिनापर्यंत पोचेना.

गेनबाने ब्रेक दाबला आणि माझ्याकडे पाहिलं. तंबूच्या दिवसांत हा प्रसंग आम्ही कितीदा काढला असेल! तो फक्त म्हणाला, ‘मास्तर, मागं उभं ऱ्हावा.’

रुंद वळणापर्यंत त्याने हरिणी उतारावर हलकेच मागे सोडली. तिथे दोन हिसक्यांत तिचं तोंड दरीकडे केलं. आता टाकी वर आणि इंजिन खाली. पेट्रोल परत वाहू लागलं, आणि उलट्या गिअरवर, शेपटी पुढे करून, हरिणी घाट चढू लागली. मी मागच्या पायरीवर लटकून रस्ता बघत होतो आणि राक्षसाच्या आवाजात ओरडत होतो, ‘डावीकडे! आणखी डावीकडे! सरळ! दगड!’ गेनबा मान मागे वळवून माझ्या आवाजावर चाकं वळवत होता.

उतारूंची तोंडं दरीकडे. खाली तेलगावची काळी रानं, लांबवर नदीकाठची धूसर झाडी, आणि आपण ज्या वाटेने आलो ती वाट पायांखालून निघून चाललेली. नेहमी चढताना डोंगराची पाठ दिसते. त्या दिवशी सबंध मुलूख समोर उलगडत गेला, आणि मी रस्त्यावरचा डोळा काढून एक क्षण तिकडे पाहिलंच. तंबू घेऊन ज्या ज्या गावी गेलो ती सगळी तिथे कुठेतरी होती.

‘दगड बघा की मास्तर!’ गेनबा ओरडला.

माथ्यावर देशमुख चिंचेखाली उभे होते. त्यांना आधी दिसला मी, मग सीताफळं, मग जिजाबा, मग बाकीची मोटार. हॉर्न सर्वांत शेवटी.

‘गेनबा!’ ते म्हणाले. ‘हिचं तोंड कुठं हाय बे?’

‘तोंड तेलगावाकडं हाय मालक. पर आली धारूरला.’

‘कुनी उतरलं व्हतं?’

‘न्हाई!’ सगळे एका सुरात ओरडले. आणि त्या सुरात जिजाबाचा बारीक आवाज आला: ‘म्या उतरलोतो, मालक.’

गेनबा गर्रकन मागे वळला.

‘कावून?’ देशमुखांनी विचारलं.

‘वळनावर पागुटं उडालं. उतरून घेतलं आन पळत येऊन बसलो. देवाशप्पत खोटं बोलनार न्हाई.’

देशमुखांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

‘ढकलली का?’

‘ढकलाया कवा मिळालं? तीच म्होरं निघाली. पळता पळता छाती फुटली माझी.’

‘मग चढली,’ देशमुख म्हणाले. पुन्हा एकदा हरिणीकडे नखशिखांत पाहून म्हणाले, ‘आन मानूस पळून दमलं हिच्या मागं. ऱ्हाऊ द्या रस्त्यावर. चक्कीचं म्होरल्या साली बघू.’

बाया हसल्या, बाप्ये ओरडले, एक करडू उडी मारून पळालं. गेनबा उतरला आणि देशमुखांच्या पाया पडला. मी माथ्यावरून सगळ्या बालाघाटाला ऐकू जाईल असा राक्षस हसलो. हरिणी चढते का ते बघायला माथ्यावर जमलेल्या गर्दीत मागे वहिनी उभ्या होत्या, डोक्यावर बाजाराच्या जोंधळ्याची पाटी. त्याही हसत होत्या. मग त्यांनी पाटी एका हाताने सावरली, दुसऱ्याने खांदा चोळला आणि घराकडे चालू लागल्या.

निघतानाची सकाळ

मी पहाटे उठलो, कारण केजला जाणारी बैलगाडी लवकर निघायची होती. ओसरीवर वळकटी बांधताना आतून जात्याची घरघर ऐकू आली. ती नेहमीपेक्षा वेगळी वाटली: जड, जरा अडखळती. मी डोकावलो.

जात्याच्या एका बाजूला वहिनी बसल्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला गेनबा, बाही वर सारून, खुंटा दोघांच्या हातांत. इतक्या वर्षांत मी या माणसाला तंबू उभारताना, टायर बदलताना, चिखलातून मोटार काढताना पाहिलं होतं. दळताना कधी नाही. आमच्या नगरला असं कुणी केलं तर गल्लीत तोंड दाखवायची सोय राहणार नाही. तो मला बघून लाजेल म्हणून मी मागे सरकत होतो, पण त्याने पाहिलंच.

‘म्होरल्या सालापतुर,’ तो एवढंच म्हणाला.

‘बोलू नका, हात चालवा,’ वहिनी म्हणाल्या. ‘घाट चढायचाय अजून. भावजी, तुमी बी बसा. डाव्या हातानं जमंल तुमाला.’

मी वळकटी खाली ठेवली आणि बसलो. केजची गाडी वेशीवरून निघून गेल्याचा घुंगरांचा आवाज आला तेव्हा अजून अर्धं सूप जोंधळे शिल्लक होते.